शपथ मोडा, वेणी घाला

ताई, मी आणि माझी मैत्रीण सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत बरीच वर्षं एकत्र शिकवतोय. तिच्या घरी नवरा, सासूबाई, आठवीतली मुलगी. पैशाची ओढाताण नाही, भांडणतंटा नाही. दिवाळीनंतर ती बदलत गेली. पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. खडू हातात घेऊन फळ्यासमोर नुसती उभी राहते, मुलं एकमेकांकडे बघतात. रोज अबोलीचा गजरा माळणारी बाई, आता आठ-आठ दिवस केसांना कंगवा लावत नाही. तिच्या वाटची पोषण आहाराची नोंदवही मीच लिहिते. एकदा डॉक्टरांकडे नेली होती. गंभीर डिप्रेशन म्हणाले, गोळ्या दिल्या. दहा दिवसांत तिने सोडल्या. गुंगी यायची, मळमळायचं, आणि नवरा म्हणाला सवय लागेल. सासूबाईंनी बाहेरचं बघून आणलं, दंडाला दोरा बांधलाय. मी खूप समजावते, रोज सकाळी चांगले विचार पाठवते. मागच्या गुरुवारी तिने मुलीच्या नावची ठेवीची पावती मला दाखवली आणि म्हणाली, ‘कुठे ठेवलीय ते लक्षात ठेव.’ वर म्हणाली, ‘घरी कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.’ मी शपथ घेतली. तेव्हापासून मलाच झोप नाही. मिस्टर म्हणतात, तू काय तिची आई आहेस का? काय करू?
— एक मैत्रीण

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र सदराची पाळी येईपर्यंत ठेवण्यासारखं नव्हतं. म्हणून वाचलं त्याच संध्याकाळी फोन केला आणि आपण बोललो. इथे लिहितेय ते तुमच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून. अशी मैत्रीण, असा मित्र सांभाळत एकट्याने जागणारी माणसं पुष्कळ आहेत आणि बहुतेकांना कुणीतरी अशीच शपथ घातलेली असते.

आधी त्या पावतीचं. तुमच्या पत्रात ती शेवटी आली आहे, मी ती पहिली घेते. डिप्रेशनमधलं माणूस अचानक कागदपत्रं लावायला लागलं, मुलांना कुणाच्या तरी हवाली केल्यासारखं बोलायला लागलं, जवळच्या वस्तू वाटायला लागलं, ‘माझं तुम्हाला ओझं झालंय’ म्हणायला लागलं, तर ते व्यवस्थितपणाचं लक्षण समजू नये. मरणाचा विचार मनात घोळत असण्याची ती खूण असू शकते. असेलच असं नाही, पण आपण अंदाज बांधत बसायचं नाही. विचारायचं, आणि सरळ शब्दांत विचारायचं. ‘वेडंवाकडं काही डोक्यात आणत नाहीस ना?’ असं विचारलं की समोरची ‘नाही गं’ म्हणून मोकळी होते, कारण आपल्याला ‘नाही’च ऐकायचंय हे तिला त्या प्रश्नातूनच कळतं. त्यापेक्षा तिच्या शेजारी बसून म्हणा, ‘त्या दिवशी पावती दाखवलीस तेव्हापासून मला भीती वाटतेय. मरून जावं असं तुझ्या मनात येतं का?’ ‘हो’ म्हणाली तर पुढचं विचारा: ‘कसं, कधी, असंही काही ठरवलंयस का?’

विचारल्याने डोक्यात नसलेली गोष्ट डोक्यात शिरेल ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. तसं होत नाही. या विषयावर काम करणारे जगभरातले तज्ज्ञ स्पष्ट विचारा असंच सांगतात. पुष्कळांना तर कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं वाटतं, कारण तो विचार ती माणसं अनेक दिवस एकटी वागवत असतात. उत्तर ऐकून दचकू नका, रडू नका (नंतर घरी जाऊन रडा), ‘मुलीचा तरी विचार कर’ तर अजिबात म्हणू नका. मुलीचा विचार ती रोज करते. आपण नसलो तर मुलीचं बरं होईल, इथपर्यंत तिचा आजार तिला घेऊन गेलेला असू शकतो.

तिने काही ठरवलेलं असेल, तर त्या दिवशी तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. रात्र असली तर जिल्हा रुग्णालयाचा अपघात विभाग उघडा असतो. ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक आहे. आणि १४४१६ हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये भरून ठेवा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही मानसिक आरोग्याची टेलिमानस फोनसेवा, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. तिथे फक्त आजारी माणसानेच फोन करायचा असं नाही. मैत्रिणीचं काय करू हे विचारायला तुम्हीही करू शकता. तिचं उत्तर ‘ठरवलेलं काही नाही’ असं आलं, तरी घरातली औषधं आणि शेतातली फवारणीची औषधं कुलपात जाऊ द्यात, किल्ली तिसऱ्याच माणसाकडे. मनातली ती लाट कित्येकदा थोड्या वेळाची असते, आणि तेवढा वेळ हाताशी काही नसणं याने जीव वाचतात.

आता शपथ. ‘माझं मेलेलं तोंड बघशील’ ही आपल्याकडची सगळ्यात अवघड शपथ. ती मोडायला हात धजत नाही, आणि तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत तर त्या शब्दांचा अर्थच वेगळा झालाय. तरीही मोडा. मात्र पाठीमागून मोडू नका. तिच्यासमोर बसून सांगा: ‘तुझी बाकीची सगळी गुपितं माझ्यापाशी राहतील. हे एक मी पोटात ठेवणार नाही. दाजींना आणि तुझ्या बहिणीला मी सांगणार आहे, तू बरोबर असलीस तर बरं.’ ती चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. चालेल. गुपित गावभर करायचं नाहीच आहे. स्टाफरूममध्ये एक शब्द नाही, केंद्रप्रमुखांपर्यंत नाही, तुमच्या मिस्टरांनाही ‘ती आजारी आहे आणि मला तिच्याजवळ राहायला हवं’ इतकंच पुरे. सांगायचं ते फक्त त्यांना, जे रात्री तिच्या घरात असतात किंवा चार तासांत येऊन पोहोचू शकतात.

तिच्या नवऱ्याशी बोलताना ते चुकले हे सिद्ध करायला जाऊ नका. बायकोच्या गोळ्या बंद करणारा नवरा बहुतेक वेळा दुष्ट नसतो, घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्या माणसाला वाद नको असतो, करायला काहीतरी काम हवं असतं. त्यांना पावतीची गोष्ट सांगा, जशी घडली तशी, रंग न भरता. मग कामं सांगा: औषधं कुलपात ठेवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, रोज रात्री गोळी घेतली ना हे स्वतः बघणं. ‘सवय लागेल’ म्हणाले तर विचारा, ‘दाजी, तुमच्या आई बीपीची गोळी किती वर्षं घेतायत?’

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण अर्धे उपचार याच ठिकाणी बुडतात. डिप्रेशनवर साधारणपणे ज्या गोळ्या सुरू करतात त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक दिसायला सहा आठवडेही जातात. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतो: मळमळ, गुंगी, तोंड कोरडं पडणं, कधी बेचैनी. म्हणजे माणसाला आधी तोटा दिसतो आणि नफा महिन्याने. तुमच्या मैत्रिणीने दहाव्या दिवशी गोळ्या सोडल्या त्या नेमक्या या मधल्या खिंडीत. हे तिला कुणी आधी सांगितलं असतं तर कदाचित ती टिकली असती. डॉक्टरांना विचारलं तर ते वेळ बदलून देतात, मात्रा कमी करून हळूहळू वाढवतात, किंवा गोळीच बदलतात. एक गोळी लागू पडली नाही म्हणजे औषधच लागू पडत नाही असं नव्हे. या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही, पण त्या एकाएकी बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते. लोक त्यालाच ‘सवय’ म्हणतात. झोपेच्या गोळ्यांचं वेगळं असतं. त्या लांबवल्या तर खरंच सवय लागू शकते, म्हणून कुठली गोळी कशासाठी आणि किती दिवस, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात. ‘आता हसतेय ना, मग कशाला गोळ्या?’ हे वाक्य त्या घरात कधीतरी येणार. तेव्हा तुम्ही तिथे असलात तर बरं.

यातली एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. उपचार सुरू झाल्यावर काहींच्या अंगात हालचाल आधी येते आणि मन नंतर सावरतं. कालपर्यंत उठवत नव्हतं ती बाई उठते, कामं करते, पण आतला अंधार तसाच असतो. त्या पहिल्या काही आठवड्यांत लक्ष जास्त ठेवायचं. घरचे नेमके तेव्हाच निर्धास्त होतात.

डॉक्टर म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, ज्यांना औषध लिहिता येतं. समुपदेशकाकडे जाणं चांगलंच, पण इतक्या गंभीर अवस्थेत नुसत्या बोलण्यावर भागणार नाही, दोन्ही लागतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ या तपासण्या झाल्या नसतील तर त्याबद्दल विचारा. त्यांच्या कमी-जास्तीनेही माणूस असं मलूल होतं. साताऱ्यात कुणी ओळखीचं भेटेल या भीतीने ती जात नसेल तर कराड, कोल्हापूर, पुणे, कुठेही न्या. खर्चाचा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून उपचार होतात. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायची तयारी ठेवा. दवाखान्यात दाखल करायचं म्हटलं, किंवा शॉकचं नाव काढलं, की घरात रडारड होते. जेवणपाणी सुटलेल्या, जिवाला धोका असलेल्या रुग्णांना त्या उपचाराचा चांगला उपयोग होतो आणि आता तो भूल देऊन करतात, एवढं माहीत असू द्या.

दंडावरच्या दोऱ्यावर तुम्ही बऱ्याच चिडलेल्या आहात, फोनवर जाणवलं. मी म्हणेन, दोरा राहू दे. सासूबाईंना सुनेची काळजी वाटतेय आणि त्यांना जे येतं ते त्या करतायत. दोरा सोडायला लावलात तर गोळ्यांच्या विरोधात घरात एक माणूस वाढेल. ‘आई, दोरा बांधलात ते बरं केलंत, आता रात्रीची गोळी पण तुमच्याच हाताने द्या,’ असं म्हणून बघा. मात्र मारहाण, मिरचीची धुरी, उपाशी ठेवणं यातलं काही सुरू झालं तर तिथे गोडीगुलाबी नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. पोलिसांत जायचं.

आता तुमचं समजावणं. रागावू नका, पण ते थांबवा. शिक्षकांना समजावण्याची खोडच असते. फळ्यावर रोज सुविचार लिहून लिहून माणसाच्या प्रत्येक दुखण्याला एक ओळ पुरते असं आपल्याला वाटायला लागतं. ‘तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न ती स्वतःला पहाटे तीनपासून विचारतेय. उत्तर सापडत नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवतेय. त्यात सहा वाजता तुमचा उगवत्या सूर्याचा फोटो आणि खाली ‘हसत राहा’. हसता येत नाही ही आणखी एक हार तिच्या खात्यात जमा. डिप्रेशनला प्रत्येक वेळी कारण लागत नाही. सगळं छान चाललेल्या घरातही होतं. तिच्या दुःखाशी वाद घालून तुम्ही जिंकणार नाही, आणि जिंकलात तरी तिला बरं वाटणार नाही.

मग करायचं काय? ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्यही टाकून द्या. तिला काय लागतंय हे ठरवण्याची ताकदच आज तिच्यात नाही. तुम्ही ठरवा आणि छोटं ठरवा: ‘मंगळवारी शाळा सुटली की येते, तुझ्या केसांना तेल लावते.’ मी हे उगाच लिहीत नाही. तुम्ही केसांबद्दल लिहिलंत तेव्हा मला वाटलं, उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तिला पाटावर बसवा, तुम्ही मागे. खोबरेल कोमट करून घ्या. आठ दिवसांचा गुंता आहे, तेव्हा कंगवा टाळूपासून ओढू नका. टोकाकडून बोटांनी सोडवत वर या, मग मोठ्या दातांचा कंगवा. तासभर लागेल. त्या तासात ती बोलली तर ऐका. मागे बसलेल्या माणसाशी बोलणं सोपं जातं, तोंडाकडे बघावं लागत नाही. नाही बोलली तर तुम्ही शाळेतलं सांगा, कोणत्या पोराने कुणाची पेन्सिल पळवली ते. वेणी घालून उठा. रडली तर रडू द्या, ‘रडू नकोस’ म्हणू नका. ती ‘नको येऊस’ म्हणेल असंही होईल. तेव्हा डबा दारात ठेवून परत या आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा जा.

तिच्या मुलीकडेही बघा. आठवीतल्या पोरीला सगळं दिसत असतं, आणि कुणी काही सांगत नाही म्हणून ती स्वतःलाच कारण समजते. ‘आईला आजार झालाय, त्याला औषध आहे, तुझ्यामुळे झालेला नाही,’ ही तीन वाक्यं तिला मावशीने किंवा बाबांनी सांगायला हवीत. आईवर पहारा ठेवायचं काम मात्र तिला देऊ नका.

शाळेचं बोलू. नोंदवही तुम्ही आणखी चार दिवस लिहाल, पण दुसरीच्या नावाने चालवलेलं काम तपासणीत उघडं पडलं तर दोघींच्या अंगाशी येईल. तिला रजा घेऊ द्या. वैद्यकीय प्रमाणपत्रावर आजाराचं नाव येईल आणि तालुकाभर होईल ही तिची धास्ती फोनवर तुम्ही सांगितलीत. प्रमाणपत्रात काय, किती लिहायचं हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. आपल्या मानसिक आजाराची आणि उपचारांची माहिती गुप्त राहावी हा रुग्णाचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मान्य केलेला आहे. आणखी एक भीती घराघरांत असते: जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न झाला तर पोलीस केस होईल, म्हणून दवाखान्यात न्यायलाच उशीर करतात. त्याच कायद्यानुसार असा प्रयत्न करणारं माणूस तीव्र ताणाखाली होतं असंच धरलं जातं, आणि त्याला शिक्षा करायची नसते. तेव्हा वेळ पडली तर कायद्याच्या भीतीने एक मिनिट घालवू नका.

आणि तुमचे मिस्टर. ते विचारतात ते टोचतं, पण त्यात तथ्य आहे. आई असतात तरी हे एकटीने झेपलं नसतं. गेले कित्येक दिवस तिची डॉक्टर, शिक्षिका, नवरा आणि बहीण अशा चारही जागा तुम्ही भरताय. मैत्रिणीची तेवढी ठेवा. रात्रीचे फोन वाटून घ्या: घरात नवरा, फोनवर बहीण, आणि दोघंही नसतील तर १४४१६. तुम्हाला रात्रीची झोप हवी, सकाळी चाळीस पोरं समोर असतात. तिचं बरं होणं तुमच्या हातात नाही. तिला डॉक्टरांपर्यंत नेणं आणि पहिले सहा आठवडे तिथून पळू न देणं, एवढं तुमच्या आवाक्यात आहे, आणि त्यालाही तीन माणसं लागतील.

बहीण पुण्यात असते म्हणालात. तिला आजच फोन करा आणि येताना दोन दिवस राहायच्या बेताने ये म्हणावं. डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: झोप कधीपासून गेली, जेवण किती, वजन किती उतरलं, पावतीच्या दिवशी ती नेमकं काय म्हणाली. आत गेल्यावर ती ‘तशी बरी आहे मी’ म्हणेल, तेव्हा हा कागद पुढे करा. मागचा केसपेपर आणि उरलेल्या गोळ्यांची पाकिटंही बरोबर असू द्यात. कुठली गोळी किती दिवस घेतली, हे ते विचारतीलच.